लिफ्ट पंप बदलताना या चुका टाळा

जुना डिझेल ट्रक चढावर दम टाकू लागला किंवा सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसू लागली, की पहिला संशय लिफ्ट पंपावर जातो. कुणी त्याला फीड पंप म्हणतं. टाकीतलं डिझेल ओढून ते फिल्टरमधून इंजेक्शन पंपापर्यंत (नोझलकडे मोठ्या दाबाने डिझेल ढकलणाऱ्या पंपापर्यंत) पोचवणं, एवढंच त्याचं काम. संशय बऱ्याचदा खराही असतो. पण पंप हा टाकीपासून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंतच्या लांब वाटेवरचा एक टप्पा आहे, आणि वाटेत कुठेही अडलं तरी लक्षणं सारखीच दिसतात. म्हणून आधी मोजा आणि मगच पाना लावा. नुसत्या अंदाजावर बसवलेला नवा पंप जुन्याच दुखण्याने मरतो आणि जाताना महागडा इंजेक्शन पंपही घेऊन जातो.

न मोजता पंपाला दोषी ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर थोडं जास्त लिहितो.

लिफ्ट पंपाच्या पुढच्या बाजूला प्रेशर गेज लावा आणि इंजिन रिकामं चालताना व लोडवर चालताना, असे दोन्ही वेळचे आकडे बघा. आयडलिंगला बरा दिसणारा पंप चढावर कोसळू शकतो, त्यामुळे शेडमध्ये उभ्या गाडीवर घेतलेला आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. किती प्रेशर हवं हे इंजिनावर ठरतं. डायफ्रॅमचे साधे मेकॅनिकल पंप साधारण ५ ते ८ पीएसआय (दाबाचं माप, पौंड प्रति चौरस इंच) देतात. १९९४ ते १९९८ च्या डॉज पिकअपमधल्या १२ व्हॉल्व्ह कमिन्स ५.९ लिटर इंजिनाचा प्लंजरवाला पंप आयडलिंगलाच २० च्या आसपास देतो. त्याच इंजिनाच्या पुढच्या, २००२ पर्यंतच्या २४ व्हॉल्व्ह अवतारात इलेक्ट्रिक लिफ्ट पंप आणि व्हीपी-४४ इंजेक्शन पंप आला. तिथे चालू इंजिनावर प्रेशर १० च्या खाली जाऊ देऊ नये. व्हीपी-४४ ला वंगण आणि थंडावा दोन्ही त्यातून वाहणाऱ्या डिझेलमुळेच मिळतात. लिफ्ट पंप अशक्त झाला तरी गाडी काही दिवस चालत राहते, आणि तेवढ्यात इंजेक्शन पंप आतून झिजून जातो. आपल्या इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमध्येच बघा, शेजारच्या गाडीचा धरू नका.

प्रेशर कमी आलं म्हणजे पंप गेला, असंही नाही. फिल्टर कधी बदलला होता? टाकीतल्या पिकअपची (डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाची) जाळी गाळाने भरली आहे का? टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बंद आहे का? झाकण सैल करताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली, तर दोष तिथेच सापडला.

एक खात्रीची चाचणी आहे. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या आणि नव्या होजने ते थेट पंपाच्या इनलेटला द्या. गाडी नीट चालली तर पंप निर्दोष आहे. दोष मागे, टाकी आणि पंपाच्या मधे आहे.

हवा घेणारी लाइन न तपासणं

ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते, कारण इंजिन चालू असताना ती बाहेर ठिबकत नाही, हवा आत घेते. नळीला भोक असलं की पाण्याऐवजी हवाच तोंडात येते, तसं. गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ फिरतच राहतो. पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक होज जोडा, बुडबुडे दिसले तर दोष मागे आहे. जुन्या रबरी होज वरून धडधाकट दिसतात, वाकवल्या की भेगा उघडतात. पंप बदलणारच असाल तर त्या आणि त्यांचे क्लॅम्प त्याच वेळी बदला.

इलेक्ट्रिक पंपाची वायरिंग गृहीत धरणं

कनेक्टर काढून मल्टिमीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, हा समज चुकीचा आहे. गंजलेली वायर लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर रिले, फ्यूजचा सॉकेट आणि विशेषतः अर्थ साफ करा. काही गाड्यांत, उदाहरणार्थ जीएमच्या ६.५ लिटर डिझेलमध्ये, इंजिन सुरू झाल्यावर पंपाला वीज ऑइल प्रेशर स्विचमधून मिळते. तो स्विच गेला की नवाकोरा पंपही गप्प बसतो.

इंजिन ऑइलकडे न बघणं

डायफ्रॅमचा मेकॅनिकल पंप आतून फाटला की डिझेल थेट इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढा, पातळी वाढली आहे का बघा, वास घ्या. डिझेल मिसळलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग खातं. अशा अवस्थेत गाडी चालवूच नका, आणि नवा पंप बसल्यावर ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही बदला.

लिव्हर जबरदस्तीने बसवणं

कॅमशाफ्टवर चालणारा पंप हाताने दाबल्यावर जवळजवळ ब्लॉकला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर कॅमचा उंच भाग समोर आलेला आहे. इंजिन हाताने फिरवून तो बाजूला न्या. बोल्टने ओढून पंप बसवायला गेलात तर लिव्हर किंवा फ्लँज तुटतो. लिव्हर कॅमच्या योग्य बाजूला लागला आहे ना, तेही बघा. जुनी गॅस्केट पूर्ण खरवडून काढा. तिच्यावर दुसरी चढवली की पंप बाहेर सरकतो आणि स्ट्रोक कमी होतो. कंपनीचा स्पेसर असेल तर तो मात्र परत लागलाच पाहिजे.

बॅन्जो बोल्टचे (डिझेलची लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच घ्या. टेफ्लॉन टेप वापरू नका, तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

कोणताही पंप चालेल असं मानणं

कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाडीचा छोटा इलेक्ट्रिक पंप डिझेलचा प्रवाह पेलत नाही. उलट गरजेपेक्षा जास्त प्रेशरचा पंप जुन्या रोटरी इंजेक्शन पंपाच्या सीलला त्रास देतो आणि काही पंपांमध्ये टायमिंगही बिघडवतो. प्रेशर आणि प्रवाह, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

एअर काढताना घाई

लाइनमध्ये अडकलेली हवा काढताना आधी फिल्टरचा ब्लीड स्क्रू, मग इंजेक्शन पंपाचा, शेवटी नोझलचे युनियन नट, हा क्रम सोडू नका. प्रायमरच्या (हाताने डिझेल भरायच्या) लिव्हरला जोरच लागत नसेल तर कॅम उंचावर अडकला आहे. इंजिन एक फेरा फिरवा, लिव्हरला जीव येईल. सेल्फ एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे दोन मिनिटं थांबा. ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनावर इथरचा स्प्रे अजिबात मारू नका, इनटेकमध्येच स्फोट होऊ शकतो.

आणि हे मनापासून सांगतो: इंजिन चालू असताना नोझलकडची हाय प्रेशर लाइन हाताने चाचपू नका. डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टोचल्याएवढी दिसली तरी लगेच इस्पितळात जावं लागतं. गळती शोधायला पुठ्ठा वापरा. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या नोझलना एकाच अति दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) तर युनियन सैल करून एअर काढायचीच नाही.

गाडी सुरू झाली की गेज लगेच काढू नका. तो लावूनच भरल्या गाडीने एक चढ घ्या, आकडा टिकतो का बघा आणि लिहून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलना करायला तोच उपयोगी पडतो. परत आल्यावर सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून तपासा आणि मेकॅनिकल पंप असेल तर आठवडाभराने डिपस्टिकवरची पातळी पुन्हा बघा.