कान वाहतोय आणि वास येतोय? मग नुसत्या ड्रॉप्सवर थांबू नका

कान वाहतो, ड्रॉप्स टाकले की थांबतो, महिन्याभराने परत वाहतो, असं कित्येक जण वर्षानुवर्षं काढतात, कारण दुखत नाही ना, म्हणून डॉक्टरकडे जाणं पुढे पुढे ढकललं जातं. पण ठणकणाऱ्या कानापेक्षा मला काळजी वाटते ती न दुखता थोडा थोडा वाहणाऱ्या आणि घाण वास मारणाऱ्या कानाची, कारण त्याच्यामागे कोलेस्टिॲटोमा असू शकतो आणि तो ड्रॉप्सने जात नाही.

कोलेस्टिॲटोमा म्हणजे कानाच्या पडद्याच्या मागे, जिथे कातडी असायलाच नको तिथे कातडीची पिशवी तयार होते. कातडी रोज मरते आणि झडते, बाहेरच्या कानात ती मळाबरोबर हळूहळू बाहेर सरकते, पण या पिशवीतून तिला बाहेर पडायला वाट नसते मग ती आत साठत जाते, कुजते, जंतू वाढतात आणि आजूबाजूचं हाड झिजायला लागतं. हा कॅन्सर नाही. पण हाड खातो हे खरं आहे, आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी ऐकण्याच्या तीन छोट्या हाडांपैकी मधलं हाड झिजतं. चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा भाग आणि मेंदूचं आवरण हे सगळं तिथून अगदी जवळ असतं, मध्ये फक्त पातळ हाड.

नाकाच्या मागून मधल्या कानात हवा नेणारी नळी नीट उघडत नसेल तर आतला दाब कमी होतो, पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जातो आणि तिथे खिसा बनतो, सुरुवात बहुतेक अशीच होते. म्हणून ज्या मुलांच्या कानात सारखं पाणी साठतं, ज्यांची टाळू जन्मापासून फाटलेली आहे किंवा ज्यांना डाऊन सिंड्रोम आहे त्यांचे कान वेळोवेळी बघून घ्यायला हवेत. क्वचित हा जन्मतःच असतो, तेव्हा पडदा शाबूत असतो, कान वाहत पण नाही, फक्त मूल हाकेला ओ देत नाही.

आता ओळखायचं कसं. सर्दी झाली किंवा कानात पाणी गेलं की भरपूर, चिकट, बिनवासाचा स्राव येतो आणि मग सुकतो, अशा कानात बहुधा पडद्याला नुसतं भोक असतं, डॉक्टर त्याला सेफ कान म्हणतात. तो पण दाखवायचाच असतो, पण घाई कमी. ज्या कानात कोलेस्टिॲटोमाचा संशय असतो तो अनसेफ कान, त्यातून स्राव थोडाच येतो, पिवळसर किंवा रक्ताचा अंश असलेला, आणि वास इतका की उशीला पण येतो. कधी कधी पांढरे कण पडतात. सोबत ऐकू कमी येणं, कानात आवाज, दडे बसणं. नुसत्या वासावरून पक्कं निदान होत नाही हे मात्र लक्षात ठेवा, आणि वास नाही म्हणून निश्चिंत पण राहू नका. कान २ आठवड्यांपेक्षा जास्त वाहिला किंवा औषध संपल्यावर परत सुरू झाला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

तिथे एक गोष्ट आवर्जून विचारा : कान साफ करून मायक्रोस्कोप किंवा एंडोस्कोपखाली पूर्ण पडदा, खास करून वरचा भाग दिसला का? पू भरलेल्या कानात पडदा दिसतच नाही, आणि वरच्या भागातली छोटी पपडी मळ समजून सोडून दिली जाते, बऱ्याचदा खिशाचं तोंड त्याच पपडीखाली असतं. कानात लालसर मांस वाढलेलं दिसलं तरी संशय घ्यायचा. ऐकण्याची तपासणी करून घ्याच, पण ती चांगली आली म्हणून आजार नाही असं होत नाही, कारण हाड झिजलं तरी कधी कधी ती पिशवीच आवाज पुढे पोचवते. सीटी स्कॅनने हाड किती गेलंय ते कळतं.

तोपर्यंत घरी काय करायचं? कान कोरडा ठेवा, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरच्या तोंडाशी बसवा, पोहणं बंद. मऊ पण न फाटणाऱ्या टिश्यूची किंवा स्वच्छ सुती कापडाची वात करा, हलकेच ठेवा, ओली झाली की बदला, कोरडी निघेपर्यंत, आणि मगच ड्रॉप्स टाका, कारण पू साचलेला असताना टाकलेलं औषध आत पोचतच नाही. बाटली आधी हातात धरून कोमट करा (गार थेंबांनी चक्कर येते), कुशीवर झोपून थेंब टाका, कानासमोरचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा दाबा आणि थोडा वेळ तसंच पडून राहा. पडद्याला भोक असेल तर साधारणपणे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे थेंब देतात. घरात पडलेले जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे जुने थेंब स्वतःहून वापरू नका, आतल्या कानाला इजा होऊन ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. तेल, पेरॉक्साइड, बड्स, काडी, काहीच घालू नका.

वाहत्या कानाबरोबर तोंड वाकडं झालं, गरगरायला लागलं, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, किंवा ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणं, गुंगी यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. वाहता कान अचानक सुकून दुखायला लागला तरी.

कोलेस्टिॲटोमा पक्का झाला की इलाज बहुतेक वेळा ऑपरेशनच, मॅस्टॉइडेक्टॉमी, म्हणजे कानामागचं हाड उघडून आजार काढणं. ड्रॉप्सने पू कमी होतो, पिशवी तिथेच राहते. ऑपरेशनचा पहिला हेतू कान सुरक्षित आणि कोरडा करणं, ऐकू येणं सुधारणं त्यानंतर, हे आधीच समजून घेतलं की नंतर निराशा होत नाही. बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या कानाच्या वाटेची हाडाची भिंत ठेवली तर साधारण ९ ते १२ महिन्यांनी परत आत बघतात किंवा खास प्रकारचा एमआरआय करतात, कारण एखादा कण राहिला तरी परत वाढतो, मुलांमध्ये जास्तच. भिंत काढली तर मोठी पोकळी राहते, ती बऱ्याच जणांना ६-१२ महिन्यांनी डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागते, आयुष्यभर. आणि दुसऱ्या कानाचा पडदा पण त्याच वेळी बघून घ्या, नाकामागून हवा नेणाऱ्या नळीचा त्रास दोन्ही बाजूंना असू शकतो.