रिव्ह्यूअर आधी एसआय उघडतो: केमिस्ट्रीचा पेपर पाठवताना या चुका टाळा

"सर, पेपर तयार आहे. फक्त एसआय राहिलीय."

लॅबमधून असा मेसेज आला की मी मनात दीड-दोन महिने मोजून ठेवतो. लग्नाचा हॉल बुक झालाय, आचारी ठरलाय, फक्त मुलगी बघायची राहिलीय, तशातला हा प्रकार. सिंथेटिक ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सपोर्टिंग इन्फर्मेशन (एसआय, पेपरसोबत जोडायची प्रयोगांची सविस्तर माहिती) म्हणजे पेपरला शेवटी लावायचं शेपूट नव्हे. मी स्वतः जर्नलसाठी दुसऱ्याचा पेपर तपासायला, म्हणजे रिव्ह्यू करायला, बसलो की अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचतो, पहिली स्कीम बघतो आणि थेट एसआय उघडतो. इंट्रोडक्शन नंतर, चहाबरोबर. लेखकाला काय म्हणायचंय ते इंट्रोडक्शनमध्ये असतं, त्याने काय केलंय ते स्पेक्ट्रममध्ये दिसतं.

आपल्याकडे एक समज फार घट्ट आहे, की इंग्रजी कच्चं म्हणून पेपर परत येतो. मग व्याकरण सुधारून घ्यायला पैसे मोजले जातात आणि कार्बन एनएमआरमधले (रेणूतले वेगवेगळे कार्बन दाखवणाऱ्या चाचणीतले) सिग्नल मोजायचे राहून जातात.

रेषा मोजल्या, कार्बन नाही मोजले

हा किस्सा माझाच आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी ४-फ्लोरोबेंझाल्डिहाइड आणि अ‍ॅसिटोफेनोनपासून एक साधा चाल्कोन (कार्बोनिल आणि दुहेरी बंधाने जोडलेल्या दोन बेंझिन रिंग) केला होता. रेणूत कार्बन पंधरा. स्पेक्ट्रम काढला, सॉल्व्हंट सोडून रेषा मोजल्या, बरोबर पंधरा! खुशीत पंधरा आकडे टाइप करून मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. मॅडमनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "रेणू काढ," म्हणाल्या, "आणि वेगवेगळे कार्बन किती ते सांग."

बेंझिनच्या एकाच ठिकाणी जोडलेल्या रिंगमध्ये कार्बन सहा असले तरी सिग्नल चारच येतात, कारण दोन्ही ऑर्थो (जोडाच्या शेजारचे) सारखे, दोन्ही मेटा (त्यापुढचे) सारखे. अशा दोन रिंग, म्हणजे आठ. कार्बोनिल एक, दुहेरी बंधाचे दोन. एकूण अकरा. मग पंधरा रेषा कुठून आल्या? फ्लोरीन. ज्या रिंगवर फ्लोरीन बसलाय तिचे चारही सिग्नल दुभंगतात आणि चाराचे आठ होतात. सात अधिक आठ, पंधरा. आकडा जुळला होता तो निव्वळ योगायोगाने, आणि मी चार डब्लेट (दुभंगलेले सिग्नल) फोडून आठ वेगळे कार्बन म्हणून लिहून टाकले होते.

तपासायला दोन मिनिटं लागतात. ४०० मेगाहर्ट्झच्या मशीनवर कार्बन साधारण १०० मेगाहर्ट्झला मोजला जातो, म्हणजे एक पीपीएम (स्पेक्ट्रमवरची जागा मोजायचं एकक) अंतर हे १०० हर्ट्झ. फ्लोरीन थेट ज्याला चिकटलाय त्या कार्बनच्या दोन रेषा अडीच पीपीएम लांब असतात: साधारण २५० हर्ट्झ. शेजारच्याला २१-२२, त्यापुढच्याला ८-९, समोरच्या पॅराला ३ च्या आसपास. हे चार आकडे तोंडपाठ असावेत. आणि प्रत्येक संयुगासाठी एसआयमध्ये उतरवण्याआधी कागदावर "कार्बन इतके, अपेक्षित सिग्नल इतके, दिसले इतके" असा हिशेब लिहावा. सिग्नल कमी दिसले तर घाबरू नका, दोन कार्बन एकाच जागी येऊ शकतात, तसं कंसात नोंदवा. फ्लोरीनसारखा दुभंग जमेस धरूनही जास्त दिसले तर मात्र बहुधा नमुना अशुद्ध आहे किंवा तुमचं स्ट्रक्चर चुकलंय.

प्रोटॉनमध्येही याचा भाऊबंद आहे. त्याच चाल्कोनच्या दुहेरी बंधावरचे दोन हायड्रोजन एकमेकांशी जोडलेले, तर दोघांचा 'जे' (दुभंगलेल्या रेषांमधलं हर्ट्झमधलं अंतर) एकच हवा. एकाला १५.७ आणि जोडीदाराला १५.१ लिहिलंत, तर आकडे मोजले नसून अंदाजे टाकलेत हे रिव्ह्यूअरला लगेच कळतं. मग तो बाकीची तीस संयुगंही तशाच नजरेने बघतो.

४.१२, २.०५, १.२६

हे तीन आकडे कुठल्याही ऑर्गॅनिक लॅबला ओळखीचे. क्लोरोफॉर्म-डीमध्ये इथाइल अ‍ॅसिटेट इथेच दिसतो. कॉलमवरून (शुद्ध करायच्या नळीतून) उतरलेला, रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवायच्या यंत्रावर) 'सुकवलेला' नमुना म्हणजे बऱ्याचदा प्रॉडक्ट अधिक इथाइल अ‍ॅसिटेट. आपण म्हणतो, "सॉल्व्हंट तर आहे, त्यात काय?" त्यात यील्ड, म्हणजे हाती आलेल्या प्रॉडक्टची टक्केवारी, आहे. वरच्याच फ्लोरोचाल्कोनचं उदाहरण घ्या, रेणूभार २२६. प्रॉडक्टच्या एका हायड्रोजनला १ धरल्यावर २.०५ चा पीक ०.३ आला, तर त्या पीकमागे तीन हायड्रोजन असल्याने प्रॉडक्टच्या एका मोलमागे इथाइल अ‍ॅसिटेट ०.१ मोल. वजनात २२६ ग्रॅममागे ८.८ ग्रॅम. म्हणजे वजनावरून काढलेली तुमची ९२% यील्ड खरी साडेअठ्ठ्याऐंशी.

उपाय सोपा आहे. नमुना थोड्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दोन-तीनदा पुन्हा रोटाव्हॅप करा आणि मग हाय व्हॅक्यूमवर ठेवा. तेलकट संयुगं फार चिवट असतात, त्यांना रात्रभर लागते. १.५६ ला पाणी आणि ०.८६-१.२६ ला ग्रीस दिसलं तर जॉइंटला व्हॅसलीन फासल्यासारखं ग्रीस लावणाऱ्याला हाक मारा.

जे करायचं नाही ते म्हणजे नको असलेला पीक सॉफ्टवेअरमध्ये पुसणं. ऑर्गॅनिक लेटर्सच्या मुख्य संपादकांनी २०१३ मध्ये यावर संपादकीय लिहिलं होतं. येणारे स्पेक्ट्रा तपासायला त्यांनी खास माणूस नेमला आणि अशुद्धींचे पीक पुसलेले स्पेक्ट्रा हाती लागले. पुसलेल्या जागी बेसलाइनचा नॉइज संपतो आणि रेघ गुळगुळीत होते. झूम केलं की लहान मुलालाही दिसेल. अशुद्ध स्पेक्ट्रम दिला तर रिव्ह्यूअर फार तर "पुन्हा शुद्ध करा" म्हणेल. पुसलेला दिला तर गाइडच्या नावावर ठपका बसतो. आणि हो, मूळ एफआयडी फाइल्स (मशीनचा कच्चा डेटा) जपा. लॅबची मुलगी पीएचडी करून परदेशी जाते, तिच्या पेनड्राइव्हबरोबर डेटाही जातो आणि रिव्हिजनमध्ये नेमकं तेवढंच मागितलं जातं.

इलेक्ट्रॉनचं वजन

एचआरएमएसमध्ये (रेणूचं वस्तुमान अगदी अचूक मोजणाऱ्या चाचणीत) बहुतेक जर्नल ५ पीपीएमच्या (इथे दहा लाखांत पाच भागांच्या) आत फरक मागतात. साध्या, बिनफ्लोरीनच्या चाल्कोनचा 'एम प्लस एच' (रेणू अधिक एक प्रोटॉन) २०९.०९६१. पण प्रोटॉनऐवजी अख्खा हायड्रोजन अणू मिळवलात, म्हणजे गेलेल्या इलेक्ट्रॉनचं वजन वजा करायला विसरलात, तर २०९.०९६६ येतं. फरक ०.०००५५, ऐकायला काहीच नाही, पण या वस्तुमानाला तो अडीच पीपीएमच्या वर जातो. निम्मी सूट इथेच संपली. ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये आयनवर धन चिन्ह काढलं नाही तर हीच चूक सगळ्या टेबलभर पसरते. स्ट्रक्चर योग्य, मशीन योग्य, आणि तरी चार-पाच संयुगं 'बाहेर' जातात, तेव्हा आधी हे तपासा, मग मशीनवाल्याशी भांडा.

'फाउंड'चा आकडा 'कॅल्क्युलेटेड'शी चारही दशांशांपर्यंत जुळतोय, तोही तिसापैकी पंचवीस संयुगांत? असं सहसा होत नाही. रिव्ह्यूअरलाही ते माहीत असतं.

"मेटल-फ्री" लिहिण्याआधी

शीर्षकात केलेला दावा, उदाहरणार्थ धातूच्या उत्प्रेरकाशिवाय रिअ‍ॅक्शन होते असा, सर्वांत महाग पडतो. २००३ मध्ये पॅलेडियमशिवाय सुझुकी रिअ‍ॅक्शन होते असा पेपर आला, भरपूर गाजला. २००५ मध्ये त्याच गटाने स्वतः खुलासा केला: बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) इतकं पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी. आपण मात्र त्यातून एवढं घ्यावं की नवा स्टर बार, नवा फ्लास्क आणि दुसऱ्या कंपनीचा बेस वापरून रिअ‍ॅक्शन पुन्हा लावल्याशिवाय 'फ्री' हा शब्द लिहायचा नाही. लॅबमधला जुना, काळवंडलेला स्टर बार म्हणजे मागच्या पाच पीएचड्यांचं पॅलेडियम असतं.

'फर्स्ट', 'नॉव्हेल', 'ग्रीन' हे शब्दही हात आखडूनच वापरावेत. पाण्यात रिअ‍ॅक्शन करायची आणि वर्कअपला अर्धा लिटर डायक्लोरोमिथेन ओतायचं, याला हिरवं कसं म्हणायचं?

सबस्ट्रेट टेबलबद्दलही (रिअ‍ॅक्शन कोणकोणत्या संयुगांवर चालली त्या यादीबद्दलही) थोडं. पंचवीस उदाहरणं आणि सगळी ८५ ते ९५ टक्क्यांत, असं टेबल पाहिलं की मला शंका येते. पिरिडिन लावून पाहिलं नाही का? ऑर्थोला मोठा गट? मोकळा एन-एच? जे चाललं नाही ते स्कीमच्या तळाशी एका चौकटीत द्या. पेपरची किंमत त्याने कमी होत नाही, उलट वाचणाऱ्याचे दोन आठवडे वाचतात.

चित्रं

वर्डमध्ये स्ट्रक्चर पेस्ट करून कोपरा ओढून मोठं केलं की एका स्कीममधले बंध जाड आणि दुसरीतले बारीक दिसतात. ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये 'एसीएस १९९६' ही सेटिंग पहिल्या दिवशीच लावून घ्या आणि नंतर ओढाताण करू नका. एसीएसच्या बहुतेक जर्नलमध्ये टीओसी ग्राफिकचं (अनुक्रमणिकेत दिसणाऱ्या छोट्या चित्राचं) माप ८.२५ गुणिले ४.४५ सेंटिमीटर असतं. साधारण दोन काडेपेट्यांएवढी जागा. तिथे पूर्ण मेकॅनिझम कोंबायचा नसतो.

कव्हर लेटर, जर्नल आणि बाकीची धावपळ

एका जर्नलने नाकारलेला पेपर दुसरीकडे पाठवताना कव्हर लेटरमध्ये पहिल्याचंच नाव राहतं. हसू नका, हे रोज होतं. एकाच वेळी दोन जर्नलला पाठवणं मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, तसं करूच नका.

फाइलमध्ये राहिलेल्या आपसांतल्या टिपा तर त्याहून घातक. २०१३ मध्ये ऑर्गॅनोमेटॅलिक्समधल्या एका पेपरच्या एसआयमध्ये 'या संयुगाचं एलिमेंटल अ‍ॅनालिसिस बनवून टाक' अशा अर्थाची सूचना तशीच छापली गेली आणि जगभर फिरली. ट्रॅक चेंजेस स्वीकारा, कॉमेंट काढा, आणि 'नंतर भरू' म्हणून पिवळ्या रंगात ठेवलेली जागा शोधून भरा.

संदर्भ एआयकडून लिहून घेतले असतील तर प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) स्वतः उघडून बघा. अस्तित्वातच नसलेले पेपर तो मोठ्या आत्मविश्वासाने देतो. रिव्ह्यूअर सुचवताना जुना सहलेखक सुचवू नका. सगळ्या लेखकांची संमती आधी घ्या, क्रम आधी ठरवा. अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर नाव घालायचं म्हटलं की संपादक स्पष्टीकरण मागतो आणि लॅबमध्ये अबोला सुरू होतो.

"ग्रीटिंग्ज ऑफ द डे" असं म्हणत सात दिवसांत छापून देणारी मेल आली तर ती डिलीट करायची, एवढंच. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसीच्या नियमांनी पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली. जिचं काम पुणे विद्यापीठातून चालायचं ती मान्य जर्नलांची केअर यादीही बंद करत असल्याचं यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. तरी कुठल्यातरी यादीत नाव आहे एवढ्यावर जर्नल निवडायची सवय सुटत नाही. तुमच्या स्वतःच्या संदर्भयादीत कोणतं जर्नल सर्वांत जास्त वेळा आलंय ते मोजा. तुमचे वाचक तिथे आहेत. पैशांची धास्ती असेल तर बहुतेक हायब्रिड जर्नलमध्ये सबस्क्रिप्शनचा पर्याय निवडला की लेखकाला काही द्यावं लागत नाही. फॉर्मवर चुकून ओपन अ‍ॅक्सेसवर टिक करू नका म्हणजे झालं.

शेवटची पीडीएफ

सगळं अपलोड झाल्यावर सिस्टीम एक पीडीएफ बनवून देते आणि ती बघून 'अ‍ॅप्रूव्ह' दाबा म्हणते. रात्रीचा एक वाजलेला असतो, कोणी बघत नाही. इथे एक जुना सापळा आहे: 'म्यू' हे अक्षर सिम्बॉल फॉन्टमध्ये टाइप केलेलं असलं आणि फॉन्ट बदलला, की त्याचा साधा 'एम' होतो. मायक्रोलिटरचा मिलिलिटर, म्हणजे थेट हजारपट.

आमच्या एका पेपरमध्ये ट्रायइथाइलअमाइन ५० मायक्रोलिटर होतं. मी पीडीएफ न उघडताच अ‍ॅप्रूव्ह केली. तीन आठवड्यांनी रिव्ह्यू आला. दोन पानं चांगलं लिहिलं होतं, आणि शेवटचा मुद्दा असा: लेखकांनी २५ मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ५० मिलिलिटर अमाइन कसं मावलं ते कृपया स्पष्ट करावं.