चोवीस तास क्रंचिंग करणाऱ्या ओव्हरक्लॉक मशीनसाठी मदरबोर्ड घेताय? या चुका टाळा

गेमिंग पीसीसाठी बोर्ड शोधताना लोक जे रिव्ह्यू बघतात त्यात टेस्ट फार तर अर्ध्या-पाऊण तासाची असते, आणि फोल्डिंग ॲट होम, आइनस्टाइन ॲट होम, जीआयएमपीएस असलं काही (घरच्या कॉम्प्युटरची ताकद इंटरनेटवरून संशोधनाला देणारे प्रकल्प, यालाच क्रंचिंग म्हणतात) चालवणाऱ्या मशीनची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, सगळे कोर शंभर टक्क्यांवर, बाहेर मे महिना, आणि हे दोन-तीन वर्षं सलग. त्यात वर ओव्हरक्लॉक (ओसी) केलेलं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलेलं. म्हणून या कामाचा बोर्ड जरा वेगळा विचार करूनच घ्यावा लागतो.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. ओसी काठावर असलं की गेम क्रॅश होतो, आपण परत चालू करतो, विषय संपला. क्रंचिंगमध्ये मशीन क्रॅश न होता एखादा बिट चुकवून तसंच पुढे जाऊ शकतं, तुम्हाला स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसतं आणि आठ तासांनी जे उत्तर सर्व्हरला जातं ते चुकीचं असतं. बॉइंकवरचे (असे प्रकल्प ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर) बरेच प्रोजेक्ट एकच टास्क दोन वेगळ्या मशीनला देतात आणि उत्तरं जुळली तरच मान्य करतात, म्हणजे तुमचं उत्तर चुकलं की कुणा तिसऱ्याच्या मशीनला ते काम नव्याने करावं लागतं, त्याची वीज, त्याचा वेळ. फोल्डिंग ॲट होममध्ये तर लवकर काम परत केल्याबद्दल बोनस पॉइंट मिळतात, पण त्यासाठी पासकी (तुमची ओळख पटवणारा कोड) लागते, आधी १० वर्क युनिट (कामाचे तुकडे) पूर्ण लागतात आणि ८० टक्के किंवा जास्त युनिट यशस्वी परत गेलेली लागतात. ओसीमुळे क्लॉक पाच टक्के वाढला आणि युनिट फेल होऊन तुम्ही ८० च्या खाली आलात तर कमाई वाढायच्या ऐवजी घटणार. आणि पॉइंटचं सोडा, आइनस्टाइन ॲट होम लायगोच्या डेटात गुरुत्वीय लहरी शोधतं, आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ जी लायगो वेधशाळा होणार आहे (२०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले) ती त्याच साखळीतली. अशा कामाला आपण पाठवलेला आकडा खरा असावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो खरा येतो का यात बोर्डाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच मोठा आहे.

फेज मोजून बोर्ड घेणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बॉक्सवर "१४ फेज", "१६ फेज" लिहिलेलं असतं आणि आपण खूश. व्हीआरएम म्हणजे एसएमपीएसकडून (पॉवर सप्लाय) आलेले १२ व्होल्ट खाली आणून सीपीयूला सव्वा व्होल्टच्या आसपास देणारा भाग, सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या बाजूला जे चौकोनी चोक (कॉइलचे ठोकळे) ओळीने दिसतात तो, आणि फेज म्हणजे त्यातली एकेक पुरवठ्याची वाट. आता हिशोब बघा, समजा सीपीयू २०० वॅट खातोय आणि व्होल्टेज १.२५ आहे, म्हणजे करंट झाला १६० अँपिअर. व्हीआरएमची एफिशियन्सी ९० टक्के धरली तर साधारण २२ वॅट नुसती उष्णता होऊन त्या छोट्या पट्टीत निघते, दिवसरात्र. ही उष्णता किती पॉवर स्टेजमध्ये (व्होल्टेज उतरवणाऱ्या चिपमध्ये) वाटली जाते, प्रत्येक स्टेज ५० अँपिअरची आहे की ९० ची, आणि वरचा हीटसिंक कसला आहे, हे बघायचं. फेजचा आकडा कधी डबलर (एका सिग्नलचे दोन करणारी चिप) लावून तर कधी दोन-दोन स्टेज एकाच सिग्नलवर जोडून फुगवलेला असतो, त्यात वाईट काही नाही, पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही हे खरं.

हीटसिंक हातात घेऊन बघता आला तर उत्तम. खाचा असलेला, पंख्यासारख्या पातळ पट्ट्यांचा, मागून स्क्रूने घट्ट बसवलेला हवा. दिसायला दांडगा पण वरून प्लास्टिकचं कव्हर आणि खाली गुळगुळीत ॲल्युमिनियमचा ठोकळा असेल तर वारं लागायला पृष्ठभागच नाही. स्प्रिंगवाल्या पुश-पिनने बसवलेले हीटसिंक उष्णतेने हळूहळू सैल पडतात, थर्मल पॅड कडक होतं, आणि वर्षभराने तेच मशीन त्याच सेटिंगला दहा डिग्री जास्त दाखवायला लागतं.

आणि रिव्ह्यूमधलं तापमान तसंच्या तसं धरू नका. तिथे खोली एसीची, २२ डिग्री. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात कूलर लावूनही खोली ४० असेल तर त्यांच्या ७५ चे तुमच्याकडे ९३ होतात, साधी बेरीज आहे. मॉसफेट (पॉवर स्टेजमधले स्विच) १२५ डिग्रीपर्यंत तग धरतात म्हणून लोक निश्चिंत असतात पण शेजारच्या कपॅसिटरचं काय? पॉलिमर कपॅसिटरवर बऱ्याचदा १०५ डिग्रीला ५००० तास असं रेटिंग असतं आणि वर्षाचे तासच ८७६० होतात. तापमान २० डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दसपट होतं, म्हणजे ८५ डिग्रीला तोच कपॅसिटर पाच-साडेपाच वर्षं सहज. गेमरच्या दिवसाला तीन तासांत हा फरक कधी दिसत नाही, आपल्याला दिसतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट जी अगदी जाणकार लोकही विसरतात. सीपीयूला एआयओ वॉटर कूलर लावला की सीपीयू थंड होतो पण सॉकेटच्या आसपासचं वारंच बंद होतं, आधी टॉवर कूलरचा फॅन व्हीआरएमवरूनही हवा ओढत होता, आता तिथे काहीच हलत नाही. सीपीयू ७० वर आणि व्हीआरएम १०५ वर अशी मशीनं मी बघितलीत. कॅबिनेटच्या वरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात एक १२० एमएमचा फॅन व्हीआरएमच्या डोक्यावर लावा, पाचशे-सातशे रुपयांत जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या बोर्डानेही पडणार नाही. फक्त एका हेडरवर स्प्लिटर लावून चार-पाच फॅन लटकवू नका, साधा फॅन हेडर साधारण १ अँपिअरचाच असतो.

चिपसेट न बघता घेणं

हे पटकन सांगतो. चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य कंट्रोलर चिप, बोर्डाच्या नावातलं अक्षर तिचंच. इंटेलमध्ये नावात के असलेल्या सीपीयूचा मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) वाढवायचा तर झेड सिरीजच लागते, एच आणि बी वर मेमरीचं थोडंफार होतं (६१० सारख्या खालच्या बोर्डांवर तेही नाही), सीपीयूचं नाही. एएमडीमध्ये बी आणि एक्स दोन्ही चालतात, ए५२० आणि ए६२० वर सीपीयूचं ओसी नाही. एवढंच.

बायोसच्या ऑटोवर डोळे झाकून विश्वास

बोर्ड कंपन्यांना रिव्ह्यूमध्ये दोन टक्के पुढे दिसायचं असतं, त्यामुळे "ऑटो" म्हणजे सुरक्षित असं अजिबात नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या जनरेशनचं प्रकरण आठवत असेल, सीपीयू गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, काही चिप कायमच्या खराब झाल्या, इंटेलने २०२४ मध्ये ऑगस्टपासून मायक्रोकोड (सीपीयूच्या आतला प्रोग्राम) दुरुस्त्या दिल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि बोर्डावर इंटेल डिफॉल्ट सेटिंग वापरा असं सांगितलं, कारण बऱ्याच बोर्डांवर पॉवर लिमिट मुळातच उघडं ठेवलेलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या एप्रिलमध्ये, रायझन ७००० एक्स३डी चिप सॉकेटसकट जळाल्याचे फोटो आले, तिथे एक्स्पो (रॅम वाढीव वेगाने चालवणारं एएमडीचं मेमरी प्रोफाइल) चालू केल्यावर काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (सीपीयूतल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) फार वर नेत होते, मग एएमडीने ते १.३ व्होल्टला बांधलं. म्हणजे मेमरी प्रोफाइल चालू करणं हासुद्धा ओव्हरक्लॉकच आहे, आणि जुन्या बायोसवर तो करू नये.

बायोस अपडेटला घाबरणाऱ्यांसाठी अजून एक. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलचे स्कायलेक सीपीयू प्राइम९५ (जीआयएमपीएसचा अविभाज्य संख्या शोधणारा प्रोग्राम) चालवताना ठरावीक आकड्यावर फ्रीज व्हायचे, ते जीआयएमपीएसवाल्या लोकांनीच पकडलं, इंटेलने मान्य केलं आणि दुरुस्ती बायोसमधूनच आली. म्हणून बोर्ड घेताना त्या कंपनीने तीन-चार वर्षं जुन्या बोर्डांना अपडेट दिलेत का ते सपोर्ट पेजवर जाऊन तारखा बघा, आणि सीपीयूशिवाय बायोस टाकायचं फ्लॅशबॅक बटण असेल तर चार पैसे जास्त द्या.

लोड लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेज किती पडू द्यायचं त्याचं सेटिंग) सगळ्यात वरच्या लेव्हलला ठेवणं ही पण नेहमीची चूक. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली येणं हे मुद्दाम ठेवलेलं असतं, ते सपाट करायला गेलं की लोड अचानक सुटताना व्होल्टेज उसळी मारतं, आणि क्रंचिंगमध्ये टास्क संपणं-नवं सुरू होणं दिवसभर चालूच असतं. मधली लेव्हल ठेवा. काल साधं टास्क होतं आणि आज एव्हीएक्स-२ (सीपीयूच्या जड गणिती सूचना) वालं आलं तर त्याच क्लॉकला करंट खूप वाढतो हे पण लक्षात असू द्या, ओसी सगळ्यात जड टास्कवर तपासायचं.

माझं स्पष्ट मत असं की या कामाला शेवटचे दोनशे मेगाहर्ट्झ सोडून द्यावेत. त्याच क्लॉकला व्होल्टेज १.३० वरून १.२० वर आलं तरी पॉवर साधारण १५ टक्के कमी होते. ३०० वॅटचं मशीन महिन्याला २१६ युनिट खातं, घरच्या वापरात ते मिळवलं की आपण वरच्या स्लॅबमध्ये जातो, तेव्हा १५ टक्के म्हणजे थोडके नव्हेत.

दोन ग्राफिक्स कार्डं लावणार असाल तर

फोल्डिंगचं मुख्य काम आता कार्डावरच होतं, त्यामुळे स्लॉट नीट बघा. लांबीला एक्स१६ (सोळा लेनचा, लेन म्हणजे डेटाची वाट) दिसणारा दुसरा स्लॉट बऱ्याचदा आतून एक्स४ असतो आणि तोही चिपसेटमधून आलेला, मोबाईलचा टॉर्च मारून स्लॉटमध्ये बघा, सोनेरी पिना पाव भागापर्यंतच दिसल्या की समजायचं. काही बोर्डांवर ठरावीक एम.२ मध्ये एसएसडी लावली की वरच्या कार्डाच्या लेन अर्ध्या होतात किंवा दोन साटा पोर्ट बंद पडतात, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, बोर्ड घ्यायच्या आधी मॅन्युअलची पीडीएफ वाचा. दोन कार्डांमध्ये निदान एक स्लॉट मोकळा राहील एवढं अंतर हवं, नाहीतर वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढत बसतं. मायनिंगचे जुने बोर्ड स्वस्तात मिळतात पण त्यावर बहुतेक एक्स१ स्लॉट असतात, मायनिंगला ते पुरायचं, फोल्डिंगमध्ये कार्ड उपाशी राहतं.

लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जे जुन्या झिऑनबरोबर (इंटेलचे सर्व्हर सीपीयू) एक्स९९ नावाचे स्वस्त चिनी बोर्ड मिळतात, त्यातल्या बऱ्याच बोर्डांवर चिपसेट एक्स९९ नसून बी८५ किंवा एच८१ असतो. कोर भरपूर मिळतात हे मान्य, पण व्हीआरएम आणि बायोस बघता चोवीस तासांच्या कामाला मी तरी सुचवणार नाही.

रॅमबद्दल दोन वाक्यं. रायझन ७००० ला दोन स्टिकवर एएमडीने सांगितलेला रॅमचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६०० वर येतो, म्हणून लागेल तेवढी रॅम दोनच स्टिकमध्ये घ्या. आणि डीडीआर५ मध्ये ईसीसी (मेमरीतली चूक पकडून दुरुस्त करणं) असतंच असं जे सांगतात ते चिपच्या आतलं आहे, खरं ईसीसी वेगळी स्टिक आणि ते चालवणारा बोर्ड मागतं, इंटेलच्या १२ ते १४ जनरेशनला त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेट लागतो आणि एएमडीत बोर्डाच्या कंपनीने तसं लिहून दिलेलं असावं लागतं.

काहीतरी बिघडलंय, आता कुठून सुरू करायचं

मशीन ब्लू स्क्रीन न देता खटकन बंद होऊन चालू होत असेल तर आधी एसएमपीएस आणि बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनची सीपीयू केबल बघा, कनेक्टर पिवळसर पडलाय का, जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर लावलाय का, असेल तर तो आजच काढा. क्लॉक सुरुवातीला बरोबर आणि तासाभराने पडत असेल तर व्हीआरएम थ्रॉटल होतोय (तापल्यामुळे वेग उतरवला जातोय), एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि क्लॉक दाखवणारं सॉफ्टवेअर) रात्रभर लॉगिंगवर ठेवा, बोर्डाला व्हीआरएमचा सेन्सरच नसेल तर हीटसिंकला टेबल फॅन लावून बघा, क्लॉक परत आला की निदान झालं.

सगळं ठीक दिसतंय पण टास्क इनव्हॅलिड होतायत, हे सगळ्यात अवघड. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नावाने आयडी १९ च्या वॉर्निंग शोधा, त्या सीपीयूने स्वतः दुरुस्त केलेल्या चुका असतात, त्या दिसल्या म्हणजे ओसी स्टेबल नाही, मशीन महिनाभर बंद पडलं नसलं तरी. लिनक्सवर रासडीमन (अशाच चुका नोंदवणारा प्रोग्राम) लावून ठेवा. मग एक्सएमपी (इंटेलचं मेमरी प्रोफाइल) किंवा एक्स्पो बंद करून दोन दिवस चालवा, चुका थांबल्या तर दोष मेमरीकडे, नाहीतर सीपीयू. प्राइम९५ मध्ये एखादाच वर्कर राउंडिंग एरर देऊन थांबतो, बाकीचे चालू राहतात, तो बहुतेक वेळा एकाच कोरशी जुळतो, त्या कोरचा कर्व्ह ऑप्टिमायझर (एएमडीचं कोरनिहाय व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) दोन-चार पायऱ्या सैल केला की काम होतं. एकाच वेळी तीन सेटिंग बदलू नका, कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

लाईट जाऊन आल्यावर मशीन पडून राहतं ही तक्रार खेडोपाडीच काय शहरातही आहे. बायोसमध्ये एसी पॉवर लॉसनंतर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते "पॉवर ऑन" करा, काही बोर्डांवर त्यासाठी ईआरपी (मशीन बंद असताना वीज वाचवणारं सेटिंग) बंद करावं लागतं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो प्युअर साइनवेव्ह हवा, चौकोनी वेव्हवर ॲक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस लाईट जाताक्षणी मान टाकतात. आणि बायोस अपडेट केला की हे सगळं बहुतेक वेळा मूळ पदावर येतं, सेव्ह केलेलं प्रोफाइलही नव्या बायोसवर लोड होत नाही कधीकधी, त्यामुळे अपडेटच्या आधी व्होल्टेज, लोड लाइन, पॉवर लिमिट, फॅन कर्व्ह आणि एसी पॉवर लॉस या पाच स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि अपडेट झाल्यावर ते फोटो बघून हाताने परत भरा.