इट इज सेड दॅट, इट इज बिलीव्ह्ड दॅट : फॉर्मल इंग्लिश लिहिताना या चुका टाळा

थीसिस असो, आयेल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेचा निबंध असो, ऑफिसचं पत्र असो की इंग्लिश पेपरसाठीची बातमी, "इट इज सेड दॅट" किंवा "ही इज बिलीव्ह्ड टू" ही रचना कुठे ना कुठे लागतेच. शाळेत आपल्याला "पीपल से दॅट"चं "इट इज सेड दॅट" करायला शिकवतात, मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो, पण ती कधी वापरायची, कुठलं क्रियापद त्यात बसतं, कुठलं बसत नाही, हे कोणी धड सांगत नाही आणि मग त्याच त्या चुका एम.ए., पीएच.डी.पर्यंत सोबत येतात. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण यात नुसतं ग्रामर नाहीये, आपण वाचणाऱ्याला किती खरं सांगतोय हेही यावरच ठरतं.

सगळ्यात जास्त दिसते ती दोन रचनांची खिचडी. "ही इज सेड दॅट ही इज रिच" हे चूक. एकतर "इट इज सेड दॅट ही इज रिच" म्हणा, नाहीतर "ही इज सेड टू बी रिच" म्हणा. सुरुवात इटने केली की पुढे दॅट आणि पूर्ण वाक्य, सुरुवात माणसाने किंवा वस्तूने केली की पुढे टू आणि क्रियापद, एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. "तिथे अमुक आहे म्हणतात" असं सांगायचं असेल तर तिसरी रचना आहे, "देअर इज सेड टू बी अ टनेल अंडर द फोर्ट". इथे बरेच जण "इट इज सेड टू बी अ टनेल देअर" लिहितात, त्याचा अर्थच बदलतो. आणि शेवटी "बाय पीपल" जोडायची गरज नसते, लोकच म्हणतात हे त्यात आलंच.

दुसरी मोठी गडबड काळाची. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं मानतात. आता हे लिहिताना "कृष्ण इज बिलीव्ह्ड टू बिल्ड द टेंपल" लिहिलं तर चूक, कारण मानणं आजचं आहे आणि बांधणं कधीच होऊन गेलंय, म्हणून "इज बिलीव्ह्ड टू हॅव बिल्ट" हवं. गोष्ट आत्ता चालू असेल तर "टू बी" आणि आयएनजी : "द अक्यूज्ड इज बिलीव्ह्ड टू बी हायडिंग इन पुणे". पळून गेला असेल तर "टू हॅव फ्लेड". पुढे होणार असेल तर साधं टू पुरतं, "शी इज एक्स्पेक्टेड टू अराइव्ह टुमॉरो", त्यात विल घुसवायचं नाही. केंब्रिजच्या बी2 फर्स्ट परीक्षेत वाक्य बदलून लिहायचा जो भाग असतो, दोन ते पाच शब्दांत बसवायचा, त्यात हा टू हॅव हमखास विचारण्यासारखा आहे, तयारी करणाऱ्यांनी याचा सराव भरपूर करा.

आता क्रियापदं. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर "इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट" इतकं दिसतं की ते बरोबरच वाटायला लागतं, आपल्या सरकारी मराठीतलं "कळविण्यात येते की" थेट इंग्लिशमध्ये उतरलेलं असतं ते. पण इन्फॉर्म आणि टेल या दोघांना कोणाला ते सांगावं लागतं, त्यामुळे "स्टुडंट्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट" लिहा. "इट इज टोल्ड दॅट" तर नकोच, तिथे सेड. होपचं उलटं आहे, "इट इज होप्ड दॅट" चालतं पण "ही इज होप्ड टू कम" चालत नाही, डिसाइड आणि सजेस्टचंही तसंच, "इट वॉज डिसाइडेड दॅट" म्हणून मोकळे व्हा आणि माणसाला कर्ता करायला जाऊ नका. "सपोज्ड टू" जपून वापरा, कारण "ही इज सपोज्ड टू बी इन मुंबई" याचा अर्थ तो मुंबईत असावा असं लोकांना वाटतं असाही होतो आणि त्याने मुंबईत असायला हवं असाही होतो, फॉर्मल लेखनात पहिला अर्थ हवा असेल तर सरळ "थॉट टू" घ्या. आणि "अ‍ॅज इट इज वेल नोन"मधला इट काढून टाका, "अ‍ॅज इज वेल नोन" एवढंच.

इथपर्यंतच्या चुका लाल पेनाने सुधारता येतात. खरी चूक पुढे आहे आणि ती ग्रामर बरोबर असतानाही होते, ती म्हणजे सेड, बिलीव्ह्ड, थॉट, एस्टिमेटेड, रिपोर्टेड, नोन हे सगळे एकाच अर्थाचे समजून "व्हरायटी"साठी आलटून पालटून वापरणं. प्रत्येकाचं वजन वेगळं आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर घ्या. ते बेसॉल्टमध्ये आहे, म्हणजे ज्वालामुखीच्याच खडकात, त्यामुळे हे विवरही ज्वालामुखीचं असावं असं बरेच दिवस मानलं जायचं. नंतर तिथे मास्केलिनाइट नावाचं काचेसारखं द्रव्य सापडलं, जे उल्केच्या आघातासारख्या प्रचंड दाबातच तयार होतं, आणि 1973 साली सायन्स या नियतकालिकात हे आघाताचं विवर असल्याचं मांडणारा पेपर आला. आज ते पक्कं धरलं जातं. तर इंग्लिशमध्ये काय लिहाल? "लोणार वॉज वन्स थॉट टू बी अ व्होल्कॅनिक क्रेटर, बट इट इज नाऊ नोन टू हॅव बीन फॉर्म्ड बाय अ मिटिओराइट." थॉटच्या आधी वॉज, कारण तसं मानणं संपलं, आणि नोनच्या आधी इज, कारण ते ज्ञान आज टिकून आहे. आता वयाचं बघा. एका पद्धतीने मोजलं तर सुमारे 52,000 वर्षं येतं, आरगॉन पद्धतीने सुमारे 5,70,000 वर्षं, म्हणजे दहापटीहून जास्त फरक. इथे "इट इज नोन दॅट द लेक इज 52,000 इयर्स ओल्ड" लिहिणं चूक आहे, वाक्य कितीही सुंदर असो. इथे एस्टिमेटेड हवं, आणि कुठल्या पद्धतीने एस्टिमेटेड तेही हवं. आणि गावात सांगतात ती लवणासुराची कथा आली की तिथे सेड. एकाच तळ्याबद्दल तीन वाक्यं आणि चार वेगवेगळी क्रियापदं, ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

थीसिसवाल्यांसाठी अजून एक. "इट हॅज बीन फाउंड दॅट" लिहून पुढे संदर्भ न देणं ही फार वाईट सवय आहे. वॉटसन आणि क्रिक यांच्या 1953च्या डीएनएच्या छोट्याशा पेपरमध्येही हीच रचना आहे, डीएनएमधल्या अ‍ॅडेनिन आणि थायमिन या दोन घटकांचं प्रमाण जवळपास सारखं असतं हे प्रयोगांनी दिसून आलंय असं ते लिहितात, पण तिथेच संदर्भाचे आकडे आहेत, ज्याला तपासायचं त्याने तपासावं. संदर्भ दिला की कर्ता लपवलेला राहत नाही. आणि स्वतःचं मत असेल तर "इट इज बिलीव्ह्ड" कशाला, तुमच्या विषयात चालत असेल तर सरळ आय किंवा वी वापरा, नाहीतर "दिस स्टडी अर्ग्यूज दॅट" म्हणा. "इट इज बिलीव्ह्ड बाय मी" मात्र कृपा करून नको.

बातमी लिहिणाऱ्यांनी अलेज्डकडे नीट बघा. अलेज म्हणजे आरोप करणं, अजून सिद्ध न झालेला, त्यामुळे "ही इज अलेज्ड टू बी अ गुड टीचर" होत नाही. आणि अलेज्ड लिहिलं की आपण सुटलो ही समजूत धोक्याची आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 356 मध्ये बदनामी येते, आणि दुसऱ्याचं बोलणं आपण फक्त पुढे सांगितलं एवढ्यानेच जबाबदारी जात नाही. म्हणून आरोप कोणी केला ते लिहा, पोलिसांनी, तक्रारदाराने, एफआयआरमध्ये, जे असेल ते. "द पोलीस अलेज दॅट" हे "इट इज अलेज्ड दॅट"पेक्षा कधीही चांगलं.

आयेल्ट्सच्या टास्क टूमध्ये, म्हणजे निबंधात, जिथे किमान 250 शब्द लिहायचे असतात, तिथे पहिलाच परिच्छेद "इट इज सेड दॅट"ने, दुसरा "इट इज बिलीव्ह्ड दॅट"ने असं करू नका, एखाददोन ठिकाणी पुरे, बाकी "सम पीपल अर्ग्यू" चालतं. लिहून झालं की सबमिट करण्याआधी थीसिस किंवा रिपोर्टच्या फाइलमध्ये कंट्रोल एफ मारून "इट इज" शोधा, प्रत्येक ठिकाणी थांबून हे कोण म्हणतंय असं स्वतःला विचारा, नाव सापडलं तर ते नाव टाका, आणि नाव सापडत नसेल आणि संदर्भही नसेल तर ते वाक्य काढून टाका.