पळसाच्या चिठ्ठीवरचे नाव

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घेतलेल्या पळसाच्या नमुन्यावर मी जुन्या पुस्तकातले ‘ब्यूटिया फ्रॉन्डोसा’ हे नाव लिहिले, आणि बाईंनी चिठ्ठीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. शोधल्यावर उलगडले, की फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्येच या झाडाला ‘एरिथ्रिना मोनोस्पर्मा’ म्हटले होते, आणि प्रजाती (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) बदलली तरी सर्वांत जुना जातिवाचक शब्द (नावातला दुसरा) नव्या प्रजातीत न्यावाच लागतो. (कडुनिंबाची गोष्ट निराळी : स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअसच्या ‘मेलिया अझाडिराक्टा’मधला दुसरा शब्द ‘अझाडिराक्टा’ या नव्या प्रजातीत तसाच नेला, तर ‘अझाडिराक्टा अझाडिराक्टा’ होईल, अशी द्विरुक्ती प्राणिशास्त्रात चालते, वनस्पतिशास्त्रात नाही, म्हणून तेथे ‘इंडिका’.) मी चिठ्ठी बदलून ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ लिहिले, पुढे कंसात जातिवाचक शब्द देणारा लामार्क आणि कंसाबाहेर तो शब्द ‘ब्यूटिया’त नेणारा टाउबर्ट, जुने नाव समानार्थी म्हणून खाली ठेवले.