खाडीवर गळ टाकायला निघताय? या चुका टाळा

पंचगंगेवर कणकेच्या गोळ्याने रोहू काढणारा गडी विजयदुर्ग किंवा देवगडच्या खाडीवरून रिकाम्या हाताने परतला की आमिषाला नाहीतर रॉडला दोष देतो. बहुतेक वेळा चुकलेली असते ती निघायची वेळ. नदी सकाळी दहाला असते तशीच दुपारी दोनला असते. खाडीचं तसं नाही.

रविवार बघून निघणं

कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा.

चतुर्थीचा रविवार असेल तर नऊच्या सुमाराला पाणी सुकून पुन्हा चढू लागतं. कोल्हापुरातून पहाटे पाचला निघून गगनबावड्याचा घाट उतरलात तर नेमके चढत्या पाण्यावर पोचता. अष्टमी असेल तर नऊला अर्धी ओहोटी झालेली, बाराला पाणी मेलेलं. तेव्हा घाई कशाला? सावकाश निघा आणि दुपारनंतरची भरती धरा. चढत्या पाण्याचे पहिले दोन तास तांबोशी-पालू या खाडीतल्या माशांसाठी सगळ्यात चांगले. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मात्र ओढ इतकी असते की 60 ग्रॅमचं शिसंही जागेवर ठरत नाही. नवख्यांनी ते दिवस सोडावेत.

फक्त किनाऱ्याचं हवामान बघणं

देवगडला ऊन दिसलं म्हणून निघाले, असं होतं. गगनबावड्यात पडलेला पाऊस एका अंगाने कुंभीतून पंचगंगेला मिळतो, दुसऱ्या अंगाने वाघोटनमधून विजयदुर्गच्या खाडीत. घाटात रात्री जोरदार झाला असेल तर खाडीचा वरचा भाग गढूळ आणि गोडा होतो, मासा मुखाकडे सरकतो. तुम्हीही खाली सरका, पण होडीतून मुखाशी जाताना वारा बघा. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. त्यात ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर दोघांची टक्कर होऊन मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. एकादशीच्या दुपारी हेच होतं. बाराच्या आत मुखावरून माघारी फिरा.

ऑक्टोबरात दुपारनंतर ढग चढले तर मोबाइलवर ‘दामिनी’ अॅप उघडून ठेवा. वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. रॉड खाली ठेवा (ग्रॅफाइटमधून वीज वाहते) आणि गाडीत बसा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. “एकच टाकून बघू” म्हणणारा मित्र प्रत्येक टोळीत असतो, त्याचा रॉड आधी काढून घ्या.

नांगर मागून टाकणं

मागे बसलेल्याला सोयीचं म्हणून नांगर मागूनच सोडतात. ओढीला होडीची मागची बाजू खाली दबते आणि पाणी आत येतं. नांगर नाळेकडूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडूनच टाका, दोर खोलीच्या पाचपट सोडा. लाइफ जॅकेट अंगात हवं. बसायची गादी म्हणून त्याचा उपयोग नाही.

नदीचंच सामान वापरणं

0.35 मिमीची मुख्य दोरी चालेल, पण गरीजवळ (गळाच्या आकड्याजवळ) 0.55 मिमीचा दोन-तीन फुटांचा तुकडा हवाच. तांबोशी गळाला लागताच खडकात घुसते आणि तिथल्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) धारेवर बारीक दोरी लगेच तुटते. शिसं दोरीवर सरकतं ठेवा, मग मणी, फिरकी, त्यापुढे जाड तुकडा. ओढ मंदावली की 20 ग्रॅम पुरतं. शिसं खडकात वारंवार अडकत असेल तर ते बारीक दोऱ्याने वेगळं बांधा, तुटलं तर तेवढंच जाईल. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की दोरी घासून तापते आणि तिथेच कच्ची होते.

आमिषाची कोळंबी सुटी बर्फावर टाकू नका, वितळलेल्या पाण्यात ती पिळपिळीत होते आणि फेकताना गरीवरून सुटते. डब्यात घालून डबा बर्फावर ठेवा. लावताना शेपटीचा पंखा तोडा, नाहीतर ती पाण्यात गरगरते आणि दोरीला पीळ बसतो.

शिंगाळा हाताने सोडवणं

शिंगाळा माशाला तीन काटे: एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. पक्कडीशिवाय हात लावू नका. काटा लागलाच तर भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कळ कमी होते. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने तपासा. यासाठी चहाबरोबर एक थर्मास नुसत्या गरम पाण्याचा न्या. काटा आत मोडला असेल तर उकरू नका, दवाखाना गाठा.

परतीचा घाट चार तासांचा धरून मासा आतडी काढून, पिशवीत बांधून, वजनाइतक्याच बर्फात ठेवा आणि वितळलेलं पाणी वाटेत काढत राहा. घरी पोचल्यावर रीळ त्याच रात्री गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराची धार मारली तर मीठ आत जातं. ड्रॅग (रिळातून दोरी सुटताना तिला आवळून धरणारा भाग) सैल सोडा. सकाळी बघू म्हटलं की पुढच्या खेपेला हँडल फिरत नाही.