आहार, हिरड्या आणि गर्भधारणा : संशोधनाची बातमी कशी पारखावी

हिरड्यांचा आजार असलेल्या स्त्रीला दिवस राहण्यास वेळ लागतो, झिंकच्या गोळ्यांनी पुरुषाची प्रजननक्षमता वाढते, गरोदरपणी अमुक एक पदार्थ खाल्ल्याने बाळाचे वजन वाढते, अशा बातम्या मुलाची वाट पाहणाऱ्या जोडप्यांपर्यंत फार लवकर पोहोचतात. त्यांपैकी पुष्कळ बातम्यांच्या मागे खरोखर एखादा अभ्यास असतो. मात्र त्या अभ्यासाने नेमके काय दाखवले आणि बातमीने काय सांगितले, यांत बरेच अंतर असते. त्या अंतराची किंमत शेवटी जोडप्यालाच मोजावी लागते, कधी पैशांत, कधी वाया गेलेल्या महिन्यांत, तर कधी विनाकारण वाटणाऱ्या अपराधीपणात. एखादा दावा हाती आल्यावर तो कसा तपासावा आणि त्यावरून स्वतःपुरते काय ठरवावे, हे प्रत्यक्ष झालेल्या संशोधनांच्या आधारे येथे मांडले आहे. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. काही प्रश्न चिकाटीने विचारावे लागतात, इतकेच.

पहिला प्रश्न : नुसती पाहणी होती की चाचणी?

बातमी वाचताना सर्वांत आधी हे शोधावे. निरीक्षणात्मक अभ्यासात संशोधक लोकांच्या सवयी आणि त्यांचे आरोग्य यांची नोंद ठेवतात व दोहोंत काही संबंध दिसतो का ते पाहतात. चाचणीत सहभागी व्यक्तींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडले जातात, एका गटाला उपचार मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. गट असे पाडल्यामुळे वय, उत्पन्न, शिक्षण, तंबाखूची सवय या गोष्टी दोन्हींकडे साधारण सारख्या वाटल्या जातात, आणि नंतर दिसणारा फरक उपचाराचाच आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

हिरड्या आणि मुदतपूर्व प्रसूती यांच्या संशोधनात हा भेद अगदी ठळकपणे दिसतो. १९९६ मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्हन ऑफनबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या हिरड्यांचा आजार बळावलेला होता, त्यांच्यात मुदतीआधी व कमी वजनाचे बाळ होण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आढळले. यामागे पटण्याजोगी कारणपरंपराही होती. हिरड्यांतील जिवाणू आणि त्यांच्यामुळे उठणारा दाह रक्तावाटे शरीरभर पोहोचतो, आणि प्रसूतीच्या कळा सुरू करणारी काही रसायने अशाच दाहातून तयार होतात. साहजिकच दातांवर उपचार केले की मुदतपूर्व प्रसूती टळेल, अशी आशा निर्माण झाली.

२००६ मध्ये अमेरिकेतच ८२३ गरोदर स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. एका गटातील स्त्रियांच्या हिरड्यांची खोलवर सफाई गरोदरपणाच्या २१ आठवड्यांच्या आत केली गेली, तर दुसऱ्या गटावर तेच उपचार प्रसूतीनंतर झाले. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण उपचार झालेल्या गटात १२.० टक्के, तर दुसऱ्या गटात १२.८ टक्के निघाले, म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. त्यानंतर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील एक हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीतही मुदतपूर्व प्रसूती टळल्याचे दिसले नाही.

याचा अर्थ १९९६ चा अभ्यास खोटा होता असा नव्हे. हिरड्यांचा आजार आणि मुदतपूर्व प्रसूती या दोन्ही गोष्टी गरिबी, तंबाखू, मधुमेह आणि अपुरे पोषण यांच्या सोबतीने येतात. शिवाय दाह वर्षानुवर्षे चालू असेल, तर गरोदरपणाच्या मध्यावर केलेली सफाई उशिराचीही ठरत असेल. पण ज्या स्त्रीचे बाळ लवकर जन्मले, तिला ‘दातांकडे लक्ष दिले नाहीस म्हणून हे झाले’ असे कोणी सुनावत असेल, तर त्या बोलण्याला संशोधनाचा आधार नाही. हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण असे बोल घराघरांत ऐकू येतात.

२००६ च्या चाचणीतील दुसरा निष्कर्ष बातम्यांत क्वचितच आला, पण रोजच्या व्यवहारात तो फार उपयोगी आहे. उपचारांमुळे स्त्रियांच्या हिरड्या सुधारल्या, आणि त्या उपचारांनी गरोदरपणाला धोका वाढल्याचे दिसले नाही. म्हणून दात दुखत असताना ‘बाळंतपण होऊ दे, मग बघू’ म्हणत थांबण्याचे कारण नाही. साधारणपणे चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचारांसाठी अधिक सोयीचा असतो. परंतु सूज, ताप किंवा पू असेल तर कोणत्याही महिन्यात ताबडतोब दंतवैद्याकडे जावे.

अभ्यासात कोण होते आणि कोण नव्हते?

२०१२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असे मांडले की, हिरड्यांचा आजार असलेल्या स्त्रियांना दिवस राहण्यास सरासरी सुमारे सात महिने लागले, तर आजार नसलेल्यांना सुमारे पाच. ही बातमी जगभर गेली. मात्र हा अभ्यास आधीच गरोदर असलेल्या स्त्रियांकडून मिळालेल्या माहितीवर उभा होता. ज्यांना मूल होण्यात खरी अडचण होती आणि दिवस राहिलेच नाहीत, त्या या मोजणीत येणेच शक्य नव्हते. मूल राहण्यास किती महिने लागले, हेही स्त्रियांनी मागाहून सांगितलेले होते. त्यामुळे या अभ्यासावरून ‘मूल हवे असेल तर आधी हिरड्या तपासून घ्या’ एवढा सल्ला देता येतो. ‘हिरड्यांवर उपचार केले की वंध्यत्व जाईल’ असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.

आफ्रिकेतील मलावी देशात झालेला झायलिटॉलच्या, म्हणजे दात न किडवणाऱ्या एका गोड पदार्थाच्या, च्युइंग गमचा अभ्यास अशाच काळजीने वाचावा लागतो. २०२२ मध्ये एका वैद्यकीय परिषदेत तो मांडला गेला. दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता, आणि गम चघळणाऱ्या गटात मुदतपूर्व प्रसूती १२.६ टक्के, तर दुसऱ्या गटात १६.५ टक्के आढळली. आकडा आशादायक आहे. परंतु येथे चिठ्ठ्या स्त्रियांच्या नव्हे, तर आठ आरोग्य केंद्रांच्या टाकल्या होत्या. एका केंद्रातल्या स्त्रिया अनेक बाबतींत एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे दहा हजार या संख्येला वाटते तेवढे वजन उरत नाही. शिवाय मलावीत मुदतपूर्व प्रसूतीचे मूळ प्रमाणच मोठे आहे. वेगळ्या परिस्थितीत हाच परिणाम दिसेल की नाही, हे तेथे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजले काय : साधन की फळ?

प्रजननक्षमतेच्या गोळ्यांच्या जाहिरातींत शुक्राणूंची संख्या, हालचाल, ‘गुणवत्ता’ असे शब्द असतात. जोडप्याला हवे असते ते मूल. म्हणून बातमीत जिवंत बाळाच्या जन्माची मोजणी आहे का, ते पाहावे. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने रोज ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड आणि ३० मिलिग्रॅम झिंक दिले गेले. मूल जन्मण्याचे प्रमाण गोळ्या घेणाऱ्यांत ३४ टक्के आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के निघाले. पोटाच्या तक्रारी मात्र खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत अधिक होत्या. एवढ्या मोठ्या चाचणीनंतरही वंध्यत्वावरचा उपाय म्हणून पुरुषांना हेच मिश्रण महागड्या दराने विकले जावे, हे मला अन्यायाचे वाटते.

टक्केवारीच्या मागची माणसे मोजा

फॉलिक ॲसिडची स्त्रियांबाबतची कहाणी अगदी वेगळी आहे, आणि चांगला पुरावा कसा असतो ते तिच्यातून शिकता येते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी प्रसिद्ध झाली. सात देशांतील, आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा (गर्भातील ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात तिचा) दोष आढळलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले गेले होते. फॉलिक ॲसिड मिळालेल्या गटांत ५९३ पैकी ६ गर्भांत, तर न मिळालेल्या गटांत ६०२ पैकी २१ गर्भांत पुन्हा तोच दोष आढळला. ‘७२ टक्के बचाव’ असे याचे वर्णन होते आणि ते बरोबर आहे. पण प्रत्यक्षात शंभर स्त्रियांमागे सुमारे साडेतीन ऐवजी एक, असा तो फरक आहे. बातमीत नुसते टक्के असतील तर ‘शंभरातून किती जणींना होत होते आणि आता किती जणींना होते?’ असा प्रश्न आपणच विचारावा.

ज्या स्त्रीच्या घरात असा इतिहास नाही तिचा मूळ धोका पुष्कळ कमी असतो, आणि तिच्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा पुरेशी मानली जाते. मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात येईतो तो काळ संपत आलेला असतो. म्हणून ही गोळी मूल हवे असे ठरल्याबरोबर, दिवस राहण्याआधी निदान एक महिना सुरू करावी. आधीच्या गर्भात दोष झाला असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधे चालू असतील तर मात्रा स्वतः ठरवू नये. ती डॉक्टरांनीच ठरवावी.

आपल्याकडचे दोन अभ्यास, एकमेकांशेजारी ठेवून

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा आहार बारकाईने नोंदवला. पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती, असे त्यातून दिसले. ही पाहणी होती. पालेभाज्या आणि फळे परवडणाऱ्या घरात इतरही अनेक गोष्टी बऱ्या असू शकतात, हा आक्षेप तिच्यावर घेता येत होता.

म्हणूनच पुढे मुंबईच्या वस्त्यांमधील सहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली चाचणी मोलाची ठरते. गर्भधारणेच्या आधीपासून एका गटाला पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला पदार्थ रोज दिला गेला, आणि दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषक भाज्यांचा. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकूण सर्व स्त्रियांचा विचार करता बाळाच्या वजनात खात्रीचा फरक दिसला नाही. ज्यांनी गर्भधारणेच्या निदान ९० दिवस आधीपासून हा पदार्थ घेतला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक होते. शिवाय गरोदरपणातील मधुमेह पालेभाज्यांचा पदार्थ घेणाऱ्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळला.

हे आकडे वाचताना मुख्य निष्कर्ष आणि उपगटातला निष्कर्ष यांना सारखे वजन देऊ नये, कारण पुरेसे उपगट पाडले की कोठेतरी फरक दिसतोच. पण येथे धोका काहीच नाही, खर्च थोडा आहे आणि पालेभाजीचे इतर फायदे ठाऊक आहेत. अशा वेळी पुरावा अर्धवट असला तरी कृती करणे शहाणपणाचे आहे. हाच हिशेब महागड्या गोळीला, उपासाला किंवा शस्त्रक्रियेला लावायचा झाला, तर पुरावा कितीतरी भक्कम मागावा. पुण्याच्याच संशोधनात बहुसंख्य स्त्रियांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली होती. त्यामुळे शाकाहारी स्त्रियांनी गर्भधारणेच्या तयारीतच ते तपासून घ्यावे.

पाहणीवरही विश्वास केव्हा ठेवावा?

चाचणी नाही म्हणून प्रत्येक पाहणी टाकून देणे हीदेखील चूकच. मिश्रीचे उदाहरण घ्या. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासायला म्हणून आपल्याकडे अनेक स्त्रिया वापरतात, आणि पुष्कळदा ती दिवसातून अनेक वेळा लागते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, म्हणजे मुख्यतः मिश्री, वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. कोणाला मुद्दाम तंबाखू देऊन चाचणी करणे अनैतिक आहे, त्यामुळे यापेक्षा वेगळ्या प्रकारचा पुरावा मिळणारच नाही. संशोधकांनी इतर कारणे हिशेबात धरली होती, निकोटिनचा परिणाम शरीरात कसा होतो हे माहीत आहे, आणि धूम्रपानाच्या असंख्य अभ्यासांशी हे निष्कर्ष जुळतात. एवढे सारे एका दिशेला बोट दाखवत असेल तर थांबू नये. घरात कोणी गर्भधारणेच्या तयारीत असेल तर मिश्री, तपकीर, गुटखा सर्व बंद करावे. सवय सुटण्यासाठी त्या स्त्रीला दटावण्यापेक्षा घरातील इतरांनीही सोडणे अधिक उपयोगी पडते.

मूळ अभ्यास कोठे पाहावा?

बातमीत संशोधकाचे किंवा नियतकालिकाचे नाव असते. ते पबमेड या मोफत संकेतस्थळावर शोधले की सारांश मिळतो. आधी सहभागींची संख्या आणि मोजलेली गोष्ट वाचावी, निष्कर्षाचे वाक्य सर्वांत शेवटी. प्राण्यांवरील प्रयोग असेल तर तो आपल्या निर्णयाच्या कामाचा नाही. भारतात २००९ पासून औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणारी चाचणी सुरू होण्यापूर्वीच सीटीआरआय या नोंदवहीत नोंदवणे बंधनकारक आहे. आधी काय मोजायचे ठरले होते आणि शेवटी काय छापले गेले, हे तेथे ताडून पाहता येते. अभ्यासाला पैसा कोणी दिला, हेही सारांशाखाली किंवा लेखाच्या शेवटी लिहिलेले असते.

डॉक्टरांकडे जाताना बातमीचे कात्रण नेण्यापेक्षा तीन गोष्टी लिहून न्याव्यात : चालू असलेल्या सर्व गोळ्या आणि पूड, शेवटच्या दंततपासणीची तारीख, आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते का. सकाळच्या उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश न करता चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत. एक वर्ष प्रयत्न करूनही, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी एकत्र तज्ज्ञांकडे जावे. आहाराचे किंवा दातांचे उपाय चालू आहेत म्हणून ही भेट पुढे ढकलू नये.